गॅस्केट

निपाणी मागं पडली, तवंदीचा घाट अर्धा चढला
आणि काटा लाल पट्टीला टेकला.
मग बॉनेटमधून वाफ,
भाताच्या कुकरसारखी, खरं शिट्टी नाही.

मागच्या सीटवरून भाऊजी म्हणाले,
"मी म्हटलं होतं."
काय म्हटलं होतं ते सांगितलं नाही.
मांडीवर कागलहून आणलेला केळीचा घड,
तो त्यांनी आधी उतरवला, मग ते उतरले.

हेल्पलाइनवर हिंदीला दोन, मराठीला पाच.
पाच दाबून अकरा मिनिटं सनई ऐकली.
मग एक मुलगी, गोड आवाजाची:
"मॅडम, आपण महाराष्ट्रात आहात की कर्नाटकात?"
म्हटलं, बाळ,
हा प्रश्न आमच्याकडं इतक्या सहज कुणी विचारत नाही.
ह्याच्यापायी माझे वडील दोनदा
हिंडलग्याच्या जेलात जाऊन आलेत.
"सिस्टीममध्ये एकच निवडता येतं, मॅडम."
ट्रक तासभर लांब, ऊन डोक्यावर.
कर्नाटक, म्हटलं.
भाऊजींनी घडावरून मान वर केली.

संकेश्वरहून ट्रक आला दीड तासानं.
शिवपुत्र नावाचा पोरगा, हाताला ग्रीस, कपाळाला भस्म.
"गाडी केट्टैतेन्री, अक्का?"
"हौदरी. पाणी खाती."
तो कन्नडात, मी मराठीत,
साठ किलोमीटर आम्ही त्याच्या बहिणीच्या
नर्सिंगच्या फीबद्दल बोललो.
पहिले पंचवीस फुकट, पुढं किलोमीटरला पन्नास.
हत्तरगीच्या टोलनाक्याला पंचवीस संपले.
मीटर दाखवताना तो असा ओशाळला
की जणू अंतर त्यानंच वाढवलंय.
आरशात माझी गाडी,
पुढची चाकं उचललेली, दोन्ही दिवे आभाळाकडं.

उद्यमबागेत भरमा मिस्त्रीनं हेड उतरवलं.
तिसऱ्या दिवशी फोन: "एकदा येऊन बघून जावा."
कागदावर हेड फेसिंग, वॉटर पंप, रेडिएटर, मजुरी,
आणि तळाला एक ओळ नुसती "इतर".
चौतीस हजार सहाशे.
आहे तशी विकली तर गाडीचे चाळीस येतात.
भाऊजी म्हणाले, भंगारात घाला.
सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले मी चालवायला,
तिसऱ्या गेटाजवळ क्लच सोडता सोडता रडले होते,
मागचे हॉर्न वाजवत होते, फाटक पडत होतं.
ते ह्या कागदावर कुठं धरायचं
विचारलं नाही.

भरमानं जुनं गॅस्केट हातावर ठेवलं.
पातळ पापुद्रा, चार मोठी भोकं,
दोन भोकांमधली कड नखाएवढी करपलेली.
"हिकडं पाणी, तिकडं ऑइल. मधली रेघ जळाली.
मिसळलं की ताक होतंय बघा."
डिपस्टिकला खरंच ताक होतं.

मी बघत राहिले.
आमच्या गल्लीत भाजी कन्नडात घेतात, भांडण मराठीत,
नळाला पाणी आलं की हाक दोन्हीत.
मिसळल्याशिवाय आमचा एक दिवस रेटत नाही.
इंजिनाचं तसं नसावं.

गुडघ्यासाठी ठेवलेली भिशी मोडली.
गुडघा थांबेल,
त्याच्यातून अजून वाफ येत नाही.
भरमानं न मागता चारशे सोडले,
"इतर"मधले.

आठवड्यानं तोच गोड आवाज:
"आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"
"नाल्कु."
"सॉरी?"
"चार, बाळ. चार."
"एक कमी का, मॅडम?"
म्हटलं, कुकर झालाय, ठेवते.
आणि ओट्यावर जुनं गॅस्केट पसरून
त्याच्यावर कुकर उतरवला.